एक रतल धान्य

शके १७९८, धाता नाम संवत्सर. इसवी सनाच्या भाषेत १८७६ सालचा पावसाळा. ज्येष्ठ-आषाढात दख्खनच्या पठारावर पावसाने तोंडदेखली हजेरी लावली. परंतु भाद्रपद-आश्विनातील ज्या परतीच्या पावसावर सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा आणि त्यांच्या दक्षिणेकडील कलादगी, बेळगाव, धारवाड या जिल्ह्यांतील रब्बीची सारी भिस्त असते, तो त्या वर्षी जवळजवळ आलाच नाही. खरिपाचे पीक अर्धवट हाती आले, रब्बीची पेरणी बहुतेक ठिकाणी झालीच नाही, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास गुराढोरांचे कळप घेऊन कुणबी चारापाण्याच्या शोधात घाटाकडे व मोगलाईकडे, म्हणजे निजामाच्या मुलखाकडे, निघाले. येथून पुढची दोन वर्षे मुंबई इलाखा, मद्रास इलाखा, म्हैसूर आणि निजामाचे राज्य या विस्तीर्ण मुलखात जो संहार झाला, त्याची नोंद इतिहासात ‘१८७६-७८ चा महादुष्काळ’ या नावाने आहे.

या दुष्काळाविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुधा अवर्षणाचे वर्णन करून थांबते, किंवा परकी सत्तेच्या सर्वसाधारण निषेधात त्याचा समावेश करून मोकळे होते. माझ्या मते या दोन्ही पद्धतींनी मूळ प्रश्न निसटतो. परकी सत्ता तीच असताना, तिचे अधिकारीही पुष्कळसे तेच असताना, अवघ्या तीन वर्षांपूर्वी बिहारात एका मोठ्या दुष्काळात माणसे वाचविण्यात आली होती. आणि खुद्द मुंबई इलाख्यातही १८७६ च्या अखेरीपर्यंत जी व्यवस्था उभी राहिली होती, ती अपुरी असली तरी चालत होती. चालणारी व्यवस्था का मोडली गेली, कोणी मोडली, आणि मोडताना त्यांच्यासमोर कोणती माहिती होती, हे तपासण्यासारखे आहे.

प्रथम मुंबईची व्यवस्था पाहू. त्या वेळी सर फिलिप वुडहाऊस हे मुंबईचे गव्हर्नर होते. पाऊस गेला हे स्पष्ट होताच त्यांच्या सरकारने कलेक्टरांना दुष्काळी कामे काढण्याची मुभा दिली. रस्ते, तलाव, कालवे यांच्या कामावर येणाऱ्या पुरुषास दिवसाला दोन आणे, स्त्रीस दीड आणा आणि काम करण्याजोग्या मुलास एक आणा असा दर बांधून दिला. नोव्हेंबरात धान्याचे भाव चढू लागले, तेव्हा रोख रकमेचा ठरावीक दर निरुपयोगी होत चालला हे ओळखून मजुरी भावाशी जोडण्यात आली: धान्य कितीही महाग झाले तरी पुरुषास एक रतल धान्याची किंमत आणि त्यावर एक आणा मिळालाच पाहिजे, असा तो नियम होता. आज हा नियम साधा वाटतो. पण महागाईचा भार मजुरावर न टाकता सरकारने उचलावयाचा, हे तत्त्व त्यात मान्य केलेले होते, आणि त्या काळच्या मानाने ही लहान गोष्ट नव्हती. धान्य रेल्वेने येत होते. मुंबईहून रायचूरपर्यंत लोहमार्ग सोलापुरावरूनच जात असल्यामुळे व्यापाऱ्यांच्या वखारी रित्या नव्हत्या. कुणब्याच्या हाती पैसा नव्हता, इतकेच. त्याचे पीक गेले, म्हणजे त्याची मिळकत गेली. शेतमजुराचे आणि विणकराचे काम बंद पडले. सावकाराचा हात १८७५ च्या सुपे येथील सावकारविरोधी दंग्यानंतर आधीच आखडलेला होता. अशा स्थितीत मजुरीचा दर म्हणजेच त्या माणसाचा प्राण होता.

आता कलकत्त्याकडे वळू. १८७३-७४ साली बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा लॉर्ड नॉर्थब्रुक व्हाइसरॉय होते आणि निवारणाचे काम सर रिचर्ड टेंपल यांच्याकडे सोपविलेले होते. ओरिसातील १८६६ च्या दुष्काळाची आठवण त्या वेळी ताजी होती. तेथे बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर सेसिल बीडन यांनी धोक्याच्या सूचना वेळीच मनावर घेतल्या नाहीत, पावसाळा सुरू होऊन बंदरे बंद झाली, आणि सुमारे दहा लक्ष माणसे मेली. चौकशी मंडळाने त्यावर कठोर ताशेरे ओढले. तो कलंक पुन्हा लागू नये म्हणून टेंपल यांनी ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लक्ष टन तांदूळ आणविला, वाहतुकीची साधने उभी केली, गावोगाव याद्या करून धान्य वाटले, आणि सुमारे साडेसहा कोटी रुपये खर्चून भूकबळी जवळजवळ होऊ दिले नाहीत. ब्रिटिश अमदानीतील दुष्काळनिवारणाच्या इतिहासात इतके निर्विवाद यश दुसरे क्वचितच सापडेल.

या यशाचे फळ टेंपल यांना निंदेच्या रूपाने मिळाले. लंडनच्या वृत्तपत्रांनी त्यांना उधळे ठरविले. शिल्लक राहिलेला तांदूळ तोट्यात विकावा लागला, हेच त्यांच्या अपयशाचे प्रमाण मानले गेले. माणसे मेली नाहीत, तेव्हा संकटच मुळात मोठे नव्हते, असा युक्तिवाद करण्यात आला. या युक्तिवादातील अन्याय उघड आहे. परंतु टेंपल यांनी त्याला उत्तर देण्याऐवजी तो मनोमन स्वीकारला. आपल्या हातून जे सत्कृत्य झाले त्याबद्दल बोल लागला, तेव्हा पुढच्या प्रसंगी ते सत्कृत्य न करता वरिष्ठांची मर्जी परत मिळवावयाची, असा निश्चय करणारे अधिकारी प्रत्येक राजवटीत असतात. टेंपल अज्ञानी नव्हते, आळशी तर नव्हतेच. घोड्यावर दिवसाला पन्नास-पन्नास मैल तुडविण्याबद्दल त्यांची ख्याती होती. दुष्काळात माणूस कसा वाचतो हे हिंदुस्थानातील कोणत्याही गोऱ्या अधिकाऱ्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक होते. म्हणूनच त्यांचा दोष इतरांपेक्षा मोठा मानला पाहिजे.

१८७६ च्या एप्रिलमध्ये लॉर्ड लिटन व्हाइसरॉय होऊन आले. कवी म्हणून त्यांचे नाव होते. राज्यकारभाराचा अनुभव बहुतेक युरोपातील वकिलातींतला. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, भाव चढले तर चढू द्यावेत, चढलेला भावच धान्य ओढून आणील आणि लोकांना काटकसर शिकवील, हा अर्थशास्त्रातील सिद्धान्त त्यांनी धर्मसूत्रासारखा धरला होता. मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी पहिल्याच धास्तीत सरकारी खर्चाने धान्य खरेदी केले, तेव्हा हिंदुस्थान सरकारने त्याबद्दल नापसंती कळविली व पुढील खरेदी थांबविली. ज्या महिन्यांत दक्षिणेतील जिल्ह्यांतून मामलेदारांचे व कलेक्टरांचे अहवाल येत होते, त्या महिन्यांत वरिष्ठ सरकारचे सारे चित्त दिल्ली येथे १ जानेवारी १८७७ रोजी भरावयाच्या दरबाराकडे लागलेले होते. राणी व्हिक्टोरिया यांनी धारण केलेल्या सम्राज्ञीपदाची द्वाही तेथे फिरावयाची होती. याच दरबारास पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हाती कातलेल्या सुताची खादी परिधान करून गेले होते. देशी राजांच्या जरतारी पोशाखांत तो पांढरा वेष किती जणांनी लक्षपूर्वक पाहिला असेल कोण जाणे. पण त्या मंडपात दुष्काळी दख्खनच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो त्यांनाच होता.

दरबार आटोपताच टेंपल यांची दुष्काळाचे खास प्रतिनिधी म्हणून नेमणूक झाली आणि काटकसरीची सक्त ताकीद देऊन त्यांना दक्षिणेकडे धाडण्यात आले. जानेवारी १८७७ मध्ये त्यांच्या शिफारशीवरून दुष्काळी मजुरी खाली आणण्यात आली: मुलकी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालील कामांवर पुरुषास यापुढे एक रतल धान्याची किंमत आणि वर केवळ अर्धा आणा मिळावयाचा. त्यातच मीठ, मिरची, तेल, सरपण, सारे भागवावयाचे. स्त्रियांना व मुलांना याहूनही कमी. एक रतल म्हणजे आपल्या ऐंशी तोळ्यांच्या शेराच्या निम्म्यालाही किंचित कमी. दिवसभर खडी फोडणाऱ्या, मातीच्या पाट्या वाहणाऱ्या माणसाने दिवसाला एवढ्या धान्यावर जगावयाचे. हे जगणे शक्य आहे की नाही, हा प्रश्न टेंपल यांनी एक प्रयोग म्हणून उपस्थित केला, आणि ज्यांच्यावर प्रयोग करावयाचा त्यांची संख्या लाखांच्या घरात होती.

मजुरीबरोबर दुसराही एक फेर झाला, आणि मला तो मजुरीइतकाच घातक वाटतो. गावाजवळची लहान कामे बंद करून धडधाकट माणसांना बांधकाम खात्याच्या दूरच्या मोठ्या कामांवर पाठवावे, म्हणजे खरा गरजू कोण व ढोंगी कोण याची आपोआप पारख होईल, असे धोरण ठरले. जो आपले घर, आपली म्हातारी आईबापे आणि उरलीसुरली जनावरे टाकून वीस-वीस कोसांवर जावयास तयार नाही, त्याला मदतीची गरज नाही, हा त्यामागचा तर्क. कुणब्याच्या जीवनाची ज्याला यत्किंचित माहिती आहे, त्याला हा तर्क उलटा आहे हे सांगावे लागत नाही. घर सोडले की पुढच्या पावसाळ्यात परत येऊन नांगर धरण्याची आशा संपते. म्हणून तो शेवटच्या घटकेपर्यंत घर सोडीत नाही, आणि सोडतो तेव्हा काम करण्याची ताकद त्याच्या अंगात उरलेली नसते.

यानंतर जे घडले, ते आपल्या प्रांताच्या इतिहासात अधिक ठळकपणे नोंदले जावयास हवे होते. पुणे, सोलापूर व आसपासच्या जिल्ह्यांतील दुष्काळी मजुरांनी हा नवा दर नाकारला आणि काम सोडले. एक लाखाच्या आसपास माणसे कामांवरून उठून गेली. पोटात अन्न नसलेल्या, संघटना हा शब्दही ठाऊक नसलेल्या कुणब्यांनी, महार-मांगांनी, बायाबापड्यांनी केलेला हा संप होता. सरकारी अधिकाऱ्यांनी यात पुण्यातील शिकलेल्या ब्राह्मणांची चिथावणी पाहिली. सार्वजनिक सभेने मजुरांची बाजू उचलून धरली, हे खरेच आहे. परंतु उपाशी माणसाला आपण उपाशी आहोत हे सांगण्यासाठी पुण्याहून कोणी यावे लागत नाही. काही आठवडे अशी ओढाताण चालली. सरकारने दर मागे घेतला नाही. ज्यांच्या घरात काही शिल्लक होते त्यांनी ते मोडून खाल्ले, काही परमुलखात गेले, आणि उरलेले निरुपायाने हजेरीच्या रांगेत परत आले.

सार्वजनिक सभेचे त्या काळातील कार्य पाहिले म्हणजे मन आदराने भरून येते. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेली ही संस्था. तिच्याजवळ सत्ता नाही, खजिना नाही. तरीही सार्वजनिक काका आणि महादेव गोविंद रानडे यांनी दुष्काळी तालुक्यांत आपली माणसे पाठविली, गावोगावची पीकपाण्याची, भावाची, स्थलांतराची, मेलेल्या जनावरांची व माणसांची माहिती गोळा केली, आणि १८७६ च्या शरदऋतूपासून ती निवेदनांच्या रूपाने सरकारकडे एकामागून एक रवाना केली. त्या निवेदनांत आक्रोश नाही. रानड्यांच्या हाताला साजेशी आकडे आणि कारणे यांची शिस्त आहे: अमुक कामावर अमुक मजुरी, त्या दिवशी बाजारचा भाव अमुक, म्हणून पदरात पडणारे धान्य इतके, आणि घरातील खाणारी तोंडे इतकी. वरिष्ठ सरकारजवळ माहिती नव्हती असे म्हणण्यास यामुळे जागाच राहत नाही. माहिती होती, ती वारंवार पुरविलेली होती, आणि पुरविणारे लोक सरकारनिष्ठ सुशिक्षित होते. फक्त ती खालून आलेली होती. आणि ज्यांचे कान वरच्या बाजूस लागलेले असतात, त्यांना खालून आलेला शब्द तक्रार म्हणूनच ऐकू येतो.

मद्रासेत हाच लढा एका सरकारी डॉक्टराने दिला. तेथील सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी एक रतलाच्या शिध्यावर श्रम करणारे शरीर झिजून मरते हे वैद्यकीय पुराव्याने मांडले. तुरुंगातील कैद्यांना सरकार यापेक्षा अधिक अन्न देते, ही गोष्ट त्यांनी सरकारच्याच कागदांवरून दाखविली. निदान दीड रतल धान्य व त्याबरोबर डाळ हवी, असा त्यांचा आग्रह होता. ‘मद्रास टाइम्स’चे संपादक विल्यम डिग्बी यांनी हा वाद लोकांसमोर ठेवला व पुढे दोन खंडांत या दुष्काळाचा इतिहास लिहिला. महिनेन् महिने माणसे डोळ्यांदेखत वाळत गेल्यावर, १८७७ च्या मध्यास मद्रासेत तो शिधा वाढविण्यात आला. म्हणजे प्रयोगाचा निष्कर्ष निघाला. पण तोवर टेंपल मे महिन्यात बढतीवर मुंबईचे गव्हर्नर झाले होते.

१८७७ च्या उन्हाळ्यात पटकीने गावेच्या गावे रिती केली. आषाढ-श्रावणातही पावसाने ओढ दिली, भाव पुन्हा कडाडले, आणि भाद्रपदात पाऊस पडला तेव्हा पेरणीला बैल नव्हते, बियाणे नव्हते, कित्येक घरांत पेरणारा माणूसच नव्हता. सर्वांत भयंकर स्थिती कलादगी जिल्ह्याची, म्हणजे आजच्या विजापूर-बागलकोट भागाची झाली. १८७२ च्या खानेसुमारीशी १८८१ ची खानेसुमारी ताडून पाहिली तर तेथील पाचव्या हिश्शाहून अधिक लोकसंख्या नाहीशी झालेली दिसते. शेतसाऱ्याच्या बाबतीत सूट तर दूरच, तहकुबीसुद्धा हात आखडूनच दिली गेली, आणि पाऊस पडताच थकबाकीचा तगादा सुरू झाला.

या काळात खाजगी हातांनी जे केले, त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. जोतीराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक मंडळींनी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र उघडले; सावित्रीबाई जुन्नर-ओतूरच्या बाजूस याच कामात होत्या. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करणारे वासुदेव बळवंत फडके याच मुलखातून हिंडले आणि त्यांनी जे पाहिले त्याचा परिणाम १८७९ च्या बंडात झाला. एकाच दुष्काळाने एकाला निवेदनाकडे, दुसऱ्याला अन्नछत्राकडे आणि तिसऱ्याला तलवारीकडे नेले. सरकारने तिघांपैकी कोणाचेही म्हणणे वेळेवर ऐकले नाही.

आपल्या लोकांच्या मनात दुष्काळातील राज्यकर्त्याच्या कर्तव्याची एक कसोटी फार पूर्वीपासून आहे, आणि ती मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आहे. बेदरच्या बादशहाचा हा ठाणेदार. दुष्काळात त्याने सरकारी कोठारे भुकेल्या लोकांसाठी उघडली आणि त्याबद्दल शिरच्छेदाची तयारी ठेवली. विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन धान्याची रक्कम दरबारात भरली, हा कथेचा उत्तरार्ध भक्तांचा आहे. पूर्वार्ध मात्र शुद्ध राज्यनीतीचा आहे. वरिष्ठाचा हुकूम आणि प्रजेचा प्राण यांत विरोध उत्पन्न झाला असता अधिकाऱ्याने कोणती बाजू घ्यावी, आणि घेतल्यावर त्याची किंमत कोणी द्यावी, याचे उत्तर त्यात आहे. तेच मंगळवेढे व सोलापूर १८७७ साली होरपळत असताना, बिहारात एकदा कोठारे उघडलेला अधिकारी दक्षिणेत येऊन ती मोजून देऊ लागला, कारण पहिल्या वेळची किंमत त्याला पुन्हा द्यावयाची नव्हती.

दुष्काळातून काही चिरस्थायी कामे उरली, हे नमूद केलेच पाहिजे. दौंड-मनमाड लोहमार्गाची माती दुष्काळी मजुरांनी टाकली. नीरेचा डावा कालवा, आष्टीचा तलाव यांची सुरुवात याच हातांनी झाली. पुढे सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ कमिशन बसले, त्याचा अहवाल १८८० साली आला, आणि त्याच्या आधारे १८८३ पासून इलाख्यांचे दुष्काळविषयक कायदेवजा नियम तयार झाले. काम वेळेवर काढावे, मजुरी पोटभर असावी, दुर्बलांना बसून अन्न द्यावे, सारा तहकूब करावा, हे सारे त्यांत आले. यातील कोणतीही गोष्ट अशी नाही की जी सार्वजनिक सभेने किंवा डॉ. कॉर्निश यांनी १८७७ सालीच सांगितली नव्हती. दुष्काळविम्यासाठी म्हणून दरवर्षी दीड कोटी रुपये बाजूस काढण्याचे अभिवचन सरकारने दिले आणि त्यासाठी व्यापाऱ्यांवर लायसन्स पट्टी बसविली. परंतु लवकरच अफगाण युद्ध उपस्थित झाले आणि ते अभिवचन पाळले गेले नाही.

नियमांच्या त्या संहितेचे मोल मी कमी लेखीत नाही. तरी एक उणीव तीत राहून गेली. मजुराने किती घनफूट माती उचलावी याचे कोष्टक तीत आहे, पण ज्या अधिकाऱ्याच्या हुकमाने माणसे मेली त्याने जाब कोणाला द्यावा, याचे कलम नाही. कमिशनच्या अंदाजाप्रमाणे ब्रिटिश मुलखात या दुष्काळाने सुमारे साडेबावन्न लक्ष माणसे नेली, त्यांपैकी सुमारे आठ लक्ष मुंबई इलाख्यातील. म्हैसूरचे व मोगलाईचे कित्येक लक्ष निराळेच. ज्या १८८० साली हा अहवाल सादर झाला, त्याच साली सर रिचर्ड टेंपल मुंबईच्या गव्हर्नरपदाचा राजीनामा देऊन पार्लमेंटच्या निवडणुकीसाठी विलायतेस गेले, आणि लॉर्ड लिटन यांना अर्ल ही पदवी मिळाली. एक रतलाच्या हुकमाबद्दल त्या दोघांपैकी कोणाचीही चौकशी झाली नाही.